शांततेच्या पुढची यादी

“संपलं,” ताई म्हणाल्या आणि हेडफोन कानांवरून ओढून त्यांनी गळ्यात घेतला. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि काही कारण नसताना माझी नजर त्यांच्या पडद्याकडे गेली. एरवी मी तिकडे बघत नाही. तो पडदा ताईंच्या उपयोगाचा नाही. त्यांना जन्मापासून दिसत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला काम चाललंय असं वाटावं म्हणून तो टेबलावर ठेवलाय असं त्या म्हणतात, आणि बहुतेक दिवस तो बंदच असतो. आज चालू राहिला होता. यादीच्या शेवटच्या ओळीखाली एक करडं वर्तुळ फिरलं, नाहीसं झालं, आणि खालून आणखी ओळी वर आल्या, टाकीत पाणी चढावं तशा, अजिबात आवाज न करता. तोवर ताईंनी फोन उचललाही होता. “डॉक्टर, सकाळपासून बसून सगळं ऐकलं. तुमच्या औषधाबद्दल कुणीच वाईट बोलत नाहीये. डोस वाढवायला हरकत दिसत नाही.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं, ताई हसल्या, “मग चहा तुमच्याकडून,” म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. पडद्यावर त्या नव्या ओळी तशाच उभ्या होत्या. गंमत म्हणजे त्या क्षणी भीतीच्याही आधी जे वाटलं ते नवल होतं. शांतता झाली होती, आणि संपलं नव्हतं.

हे रुग्णालयाचं ग्रंथालय. तळघरातल्या लांब कॉरिडॉरच्या टोकाला दोन खोल्या, एकीत पुस्तकं, दुसरीत ताई. वरच्या डॉक्टरांना प्रश्न पडायचे आणि जगभरात छापून आलेल्या अभ्यासांतून ताई त्यांची उत्तरं शोधून द्यायच्या, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. संगणकावरच्या ज्या खिडकीतून त्या हा शोध घ्यायच्या, तिला सगळ्या इमारतीत ‘म्हातारी’ म्हणत. करड्या रंगाचं पान, एक चौकट, एक बटण, खाली यादी. काही आठवडे दोन्ही खिडक्या बरोबरीने चालल्या आणि ती म्हातारी काल संध्याकाळी बंद झाली. तिच्या जागी आलेली नवीन खिडकी अर्थातच ‘नवरी’. हाडांचे सर्जन पहिल्या दिवशी दारातूनच ओरडले होते, “काय हो, नवरीला काम येतं का, की नुसतीच नटून बसलीय?” लोकांना नव्या खिडकीची सवय लावून द्यायला मला काही महिन्यांसाठी घेतलं होतं. मी पदार्थविज्ञान शिकले. नोकरी मिळेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून इथे आले. ताईंनी माझं नाव एकदाच विचारलं, माझा विषय ऐकला, आणि तेव्हापासून मला ‘फिजिक्स’ अशी हाक मारायला लागल्या. “फिजिक्स, पंखा कमी कर.” “फिजिक्स, तू जेवलीस का गं?”

बाकीच्यांना सवय लावणं म्हणजे बटणं दाखवणं होतं. हे इथे होतं ते आता तिथे गेलंय, हे लाल होतं ते निळं झालंय. लोक चिडायचे, कुरकुरायचे, दोन दिवसांनी विसरायचे. ताईंचं तसं नव्हतं. त्यांच्या संगणकात पानावरचं लिखाण बोलून दाखवणारा एक आवाज आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका कानाला हेडफोन लावून तो ऐकवला, आणि मला वाटलं यंत्र बिघडलंय. ट्रकमधून वाळू ओतली जाताना जसा सलग, खरखरीत आवाज येतो तसा तो होता. त्यात शब्द असतील हेच खरं वाटेना. “कळलं का काही?” “नाही.” “हां, सुरुवातीला तसंच होतं,” ताई अगदी सहज म्हणाल्या, आणि त्या वाळूच्या धारेतून त्यांनी मला एका अभ्यासाचं नाव, त्याचं वर्ष आणि तो कुठल्या शहरात झाला हे सांगितलं. महाविद्यालयात आम्ही काळोख्या खोलीत पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश लोलकातून पाठवायचो. नुसत्या डोळ्यांना जो एक पांढरा झोत असतो, तो पलीकडे रेषा-रेषांत सुटा होऊन पडतो, प्रत्येक रेष आपल्या जागेवर, एक इकडे नाही की एक तिकडे नाही. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी बराच वेळ ते बघायच्या छोट्या दुर्बिणीवरून डोळा काढला नव्हता, मागचा मुलगा कंटाळून निघून गेला होता. ताईंच्या कपाळामागे असा एक लोलक आहे. मी रोज त्यांच्याशेजारी बसत होते आणि तो दिसत नव्हता, एवढंच.

मला सुरुवातीला वाटलं होतं की मी त्यांना पान समजावून सांगेन. “उजवीकडे वर एक निळं बटण आहे.” ताई म्हणाल्या, “तुझं उजवीकडे माझ्याकडे नसतं गं.” आणि खरंच, म्हातारीचं पान त्यांच्याकडे पान नव्हतंच. ती एक वाट होती. चौकट, मग बटण, मग किती अभ्यास मिळाले तो आकडा, मग पहिलं नाव, मग सारांश, मग दुसरं नाव. शेवटच्या नावानंतर काही नाही. ते ‘काही नाही’ फार महत्त्वाचं होतं. आवाज थांबला की यादी थांबली. वर्षानुवर्षं रोज त्या शांततेपर्यंत चालत जायचं आणि तिथून परत फिरायचं, इतकं ते पक्कं होतं. नव्या खिडकीत वाटेतली प्रत्येक गोष्ट हलली होती, आणि गेल्या काही आठवड्यांत आम्ही ती एकेक करून पुन्हा बसवली होती. फक्त तो आकडा नवरी बोलून दाखवत नव्हती, आणि छोट्या याद्यांत त्याची उणीव भासली नव्हती. सरावाला प्रश्न मीच निवडायचे. मला वाटायचं, सोपे, आटोपशीर प्रश्न घ्यावेत, उगाच त्यांना दमवू नये. म्हणून माझ्या प्रत्येक प्रश्नाची यादी पहिल्या टप्प्यातच मावायची. शांतता यायची, आणि ती खरी असायची.

आता मात्र ताई उठून खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल घडी करत होत्या. मी म्हणाले, “ताई, संपलेलं नाही.” त्या वळल्या. कोणी बोलतं तेव्हा त्या चेहरा नाही, कान वळवतात, त्यामुळे त्या नेहमी थोड्या दुसरीकडेच बघत असल्यासारख्या दिसतात. “काय नाही?” “यादी. तुम्ही थांबल्यावर तिने आणखी नावं आणली. म्हणजे ती थोडी थोडी आणते. शेवटच्या नावाशी पोचलं की मग पुढची आणायला जाते, आणि जाताना काही बोलत नाही.” ताईंचा हात रुमालावर तसाच राहिला. मग त्यांनी एकच विचारलं, “किती?” मी पडद्यावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेला आकडा वाचला. त्यांनी ऐकलेल्यापेक्षा तो कितीतरी मोठा होता. ताई पुन्हा खुर्चीत बसल्या. “बाळाला संध्याकाळी देणार आहेत,” त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावर, वेळेच्या फार आधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात, किलोभराच्याही आतलं एक बाळ होतं. त्याला झटके येत होते, थांबत नव्हते, आणि डॉक्टरांना औषध वाढवायचं होतं. प्रश्न त्याच्यासाठी होता. ताईंनी फोन परत उचलला तेव्हा त्यांच्या बोटांना बटणं सापडायला वेळ लागला, मी हे पहिल्यांदाच पाहत होते. “डॉक्टर, मघाशी दिलेलं उत्तर परत घेते. नाही, नाही, चुकलं असं नाही म्हणत, अर्धवट होतं असं म्हणतेय. संध्याकाळच्या आत पुन्हा फोन करते. तोवर हात लावू नका.” पलीकडे शांतता झाली असावी, कारण ताई श्वास धरून थांबल्या, आणि मला वाटलं की आता कुठलीच शांतता त्यांना पूर्वीसारखी ऐकू येणार नाही.

माझे बाबा शहरातली बस चालवायचे. मी शाळेत असताना दुरुस्तीसाठी नदीवरचा जुना पूल बंद झाला आणि त्यांच्या बसचा रस्ता बदलला. चौकात डावीकडे वळायचं ते सरळ जायचं, एवढाच बदल. बाबांनी तो नीट पाठ केला, काही दिवस नीट चालवलाही. एक दिवस मी शाळेतून येताना त्यांच्याच बसमध्ये, त्यांच्या मागच्या सीटवर होते. बस खच्चून भरलेली. चौक आला आणि बस डावीकडे वळली. मला अजून ते वळण अंगात आठवतं: खांदा खिडकीकडे गेला, दप्तर मांडीवरून घसरलं, मी ते धरलं, आणि सगळं कसं नेहमीसारखं, बरोबर वाटलं. कोणी काही बोललं नाही. बायका गप्पा मारत होत्या, एकजण पेपर वाचत होता, कंडक्टर सुटे पैसे परत करत होता. बस आपली पुलापर्यंत गेली आणि आडव्या लावलेल्या लोखंडी कठड्यासमोर थांबली, आणि सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. मग जो हशा पिकला! “अहो, आम्हाला पोहता येत नाही हो!” असं मागून कोणीतरी ओरडलं. बाबाही हसले. घरी आई म्हणाली, “एवढी माणसं, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये?” रात्री जेवताना बाबा एकदम म्हणाले, “हसायचं काय त्यात. मला रस्ता दिसत होता. डोळे उघडे होते माझे. पण आतला माणूस वेगळ्याच रस्त्यावर होता, आणि बस तो चालवत होता.” हे सांगताना त्यांच्या आवाजात भीती नव्हती. आपल्याच घरात एक खोली जास्तीची निघावी तसं काहीतरी त्या आवाजात होतं. पुढे मी वीज शिकले, अणू शिकले, तारे कसे विझतात ते शिकले, पण तो आतला माणूस कशाने बनलेला असतो ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

अधीक्षक दुपारी खाली आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. रुग्णालयात बातमीला जिना चढायला वेळ लागत नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत. खुर्ची ओढून बसले, घाम पुसला, आणि खालच्या आवाजात बोलले, “ताई, मला काही हौस नाही. पण हे बाळांचं प्रकरण आहे. मागेच म्हणत होतो, टेलिफोन एक्स्चेंजवर जागा आहे. तुमचा आवाज आहे, अनुभव आहे. पगार तोच.” ताई मुळात ह्या रुग्णालयात आल्या त्या एक्स्चेंजवरच. ग्रंथालयशास्त्राची पदवी हातात असताना. कारण न दिसणाऱ्या माणसाला काय काम द्यायचं ह्याचा विचार करताना कोणाचंही डोकं फोनच्या पुढे जात नाही. तिथून ह्या खुर्चीपर्यंत यायला त्यांनी काय काय केलं ते त्या विनोद करून सांगतात, म्हणून ते किती कठीण गेलं असेल याची कल्पना येते. आता त्या म्हणाल्या, “साहेब, आज संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यायचंय. ते देऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तिथे बसते.” “आणि संध्याकाळीही असंच झालं तर?” “तर मीच सामान उचलते. तुम्हाला बोलावंही लागणार नाही.” अधीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, जणू काही मी यंत्राबरोबर आलेला एखादा भाग होते. “तुम्ही वाचून दाखवा ना त्यांना,” ते मला म्हणाले. “पटकन होईल.”

ते गेल्यावर मीही तेच म्हणाले. मी डोळ्यांनी भराभर बघते, तुम्हाला सांगत जाते. मला वाटलं ताई रागावतील. “तू बघ,” त्या म्हणाल्या. “बाळापुढे माझं मानपान नको. तू तुझ्या वाटेने जा, मी माझ्या वाटेने जाते, आणि कुठे काही वेगळं सापडलं तर थांबायचं. पण आधी ही बया मधे मधे गप्प बसते ना, तिचं काहीतरी कर.” मी त्या पानाच्या सगळ्या कोपऱ्यांत शिरले. कुठलंसं कपाट उघडावं तसे त्याचे आतले कप्पे उघडले, आणि एका कप्प्यात एक साधी खूण करायची जागा सापडली: निकाल पानापानांनी दाखवा. खूण केली. आता यादी आपोआप वाढणार नव्हती, प्रत्येक पानाच्या शेवटी ‘पुढचं पान’ असं बटण येणार होतं, आणि त्या बटणाला नाव होतं, म्हणजे त्याला आवाज होता. ताईंनी ऐकून पाहिलं. वाळू वाहिली, वाहिली, आणि थांबण्याच्या आधी तिच्यात एक वेगळा खडा वाजला. ताईंचा चेहरा जरा सैल झाला. “ह्या खुणेबद्दल मला आधी का नाही गं सांगितलंस?” “मला गरजच लागली नव्हती,” मी म्हणाले, आणि ते बोलताना कळलं की त्यांच्या वाटेवरून मी आजवर एकदाही चालले नव्हते, तिचे नुसते फोटो काढत होते.

मग आम्ही बसलो. काय सांगू, ते तास कसे होते. मी शेजारच्या संगणकावर नावं चाळत होते, ताई ऐकत होत्या, पंखा फिरत होता, वरच्या मजल्यावर ट्रॉलीची चाकं ये-जा करत होती. यादी जगभरातून आली होती. कुठल्या तरी बर्फाळ गावातलं रुग्णालय, कुठल्या तरी बेटावरचं, कुठे युद्ध चालू असताना केलेला अभ्यास, कुठे एकाच डॉक्टरने एकट्याने लिहिलेला. आणि प्रत्येकात तेच: फार लवकर आलेली बाळं, त्यांचे झटके, ते औषध. माझ्या डोळ्यांपुढून माणसं नाही, नुसती नावं जात होती, आणि तरी मला अंगावर काटा येत होता. इतक्या ठिकाणी, एकमेकांना कधीही न भेटलेल्या इतक्या जणांनी, काचेच्या पेट्यांपुढे उभं राहून हाच प्रश्न विचारला होता, उत्तर लिहून ठेवलं होतं, आणि ते सगळं ह्या तळघरात एका टेबलावर येऊन उभं राहिलं होतं, कोणीतरी विचारेल म्हणून. तारे बघताना मला जे वाटायचं ते इथे वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

नको ते बाजूला काढत काढत मी काही अभ्यास निवडले आणि त्यांची नावं ताईंना सांगितली. सगळ्यांचे सारांश सारखेच बोलत होते: औषध बाळांना मानवतं. “सारांश सगळे गोडच असतात,” ताई म्हणाल्या. “आत जाता येतं का?” म्हातारीत आत जाता यायचं नाही. म्हणजे पूर्ण लेख उघडायचा, पण तो असायचा छापील पानाचा फोटो; डोळ्यांना अक्षरं दिसायची, पण त्या बोलणाऱ्या आवाजाला त्यात काहीच सापडायचं नाही. इतकी वर्षं ताई सारांशापर्यंत जायच्या, आणि आतलं काही लागलं तर कोणालातरी वाचून दाखवायला विनवायच्या, ज्याला वेळ असेल त्याला. सरावात आम्ही नवरीतला लेख कधी उघडून पाहिलाच नव्हता. मी म्हणाले, “बघा बरं.” त्यांनी लेख उघडला. एक कळ दाबली. “पद्धत,” आवाज म्हणाला. पुन्हा दाबली. “निष्कर्ष.” पुन्हा. “तक्ता.” ताईंची बोटं थबकली. त्या परत मागे गेल्या, परत पुढे आल्या, मथळ्यावरून मथळ्यावर, अनोळखी घरात पहिल्यांदा शिरल्यावर एकेक दार लोटून बघावं तशा. “फिजिक्स,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी एकदम त्यांच्याकडे वळले. “अगं, हे आत आहे. सगळं आत आहे. मी इतकी वर्षं दारावरच्या पाट्या वाचत होते.”

कोणीतरी, कुठेतरी, हे बनवताना प्रत्येक मथळ्याला मथळा आहे असं सांगून ठेवलं होतं. तक्त्यातल्या प्रत्येक चौकोनाला तो कुठल्या ओळीचा आणि कुठल्या रकान्याचा हे सांगून ठेवलं होतं. डोळ्यांना त्याची काही गरज नव्हती. ज्याने ते केलं त्याने ताईंना पाहिलेलं नव्हतं, आणि ताई असतील अशी त्याची खात्रीही नसेल. सकाळी ज्या पानाने तोंड मिटून ताईंना फसवलं होतं, त्याच पानाच्या पोटात हे होतं. मला ते दोन्ही एकत्र धरता येत नव्हतं. मी नुसती बघत होते.

ताई एका मोठ्या अभ्यासाच्या तक्त्यात शिरल्या. त्यात बाळं वजनाप्रमाणे मांडली होती, सगळ्यांत जड वर, सगळ्यांत हलकं खाली, प्रत्येकाची एक ओळ. आवाज पळत होता, ताई खाली खाली जात होत्या. मी माझ्या पडद्यावर तोच तक्ता उघडला. वरच्या ओळी चांगल्या होत्या. झटके थांबले, घरी गेले, घरी गेले. जिथे वजन किलोच्या खाली जात होतं, तिथून ओळींचं शेवटचं घर बदलत होतं, त्यात मृत्यूची नोंद होती. सगळ्यांचं नाही. काहींचं. पण डोस जिथे वाढवला होता तिथे जास्त. अभ्यास लिहिणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. इतकी हलकी बाळं थोडीच होती, म्हणून त्यांच्यावरून काही सांगता येत नाही, असं त्यांनी तक्त्याखाली स्पष्ट लिहिलं होतं. फक्त ते सारांशात नव्हतं. मी तोंड उघडलं, पण ताई माझ्याआधीच थांबल्या होत्या. “मिळालं,” त्या म्हणाल्या. “तुलाही?” “मलाही.” मग आम्ही उरलेल्या अभ्यासांचे तक्ते उघडून पाहिले. दोन अभ्यासांत हलकी बाळं नव्हतीच. एकात होती, आणि त्यातही ओळी तशाच गेल्या होत्या.

संध्याकाळ व्हायच्या आधी बाळांचे डॉक्टर स्वतः खाली आले, अंगावर वॉर्डातला हिरवा झगा तसाच. फोनची वाट बघवली नाही, म्हणाले. त्यांच्या मागोमाग अधीक्षकही आले आणि दाराशी उभे राहिले. “बोला ताई. हो की नाही?” ताई म्हणाल्या, “दोन्ही नाही. मोठ्या बाळांसाठी हो. तुमच्या बाळाएवढ्यांसाठी कोणालाच नीट माहीत नाही, आणि जेवढं माहीत आहे ते चांगलं नाही. वाढवून काही जण गेलेत. वाढवल्यामुळेच गेले असं मी म्हणणार नाही, तसं म्हणण्याइतके ते नाहीतच. पण सकाळी मी ‘हरकत नाही’ म्हटलं होतं. हरकत आहे.” डॉक्टर माझ्या पडद्यापाशी वाकले. बराच वेळ वाचत राहिले. बोट ओळीवर ठेवून खाली आले आणि एका ओळीवर थांबले. “माझ्या वॉर्डातलं पोरगं इथे बसतं,” ते म्हणाले. झगा सावरत सरळ झाले. “ठीक आहे. वाढवत नाही. दुसरं औषध आहे, त्याला वेळ लागतो, पण आज रात्र जागू.” मग दाराकडे वळता वळता, “त्या दुसऱ्याबद्दलही शोधाल ना? उद्या. आणि ताई, सकाळी फोन फिरवून उत्तर परत घेतलंत, ते बरं झालं. मला परत घेतलेलं उत्तर चालतं, चिकटून बसलेलं चालत नाही.” ताई म्हणाल्या, “चहा मात्र बुडाला तुमच्याकडचा.” “दोन देईन,” डॉक्टर जिन्यावरून म्हणाले.

अधीक्षक अजून उभेच होते. शेवटी त्यांनी घसा साफ केला. “त्या एक्स्चेंजच्या जागेसाठी मी दुसऱ्या कोणालातरी विचारतो.” “विचारा,” ताई म्हणाल्या. “चांगली जागा आहे. खिडकी आहे म्हणतात.” अधीक्षक हसावं की नाही अशा चेहऱ्याने गेले. त्यांच्या बुटांचा आवाज कॉरिडॉरभर लांबत गेला. मला वाटलं आता ताई हेडफोन काढतील, आळस देतील, काहीतरी फटकळ बोलतील. त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर घेतला. मग काही आठवल्यासारखं करून तो काढून टाकला आणि आवाज खोलीत मोकळा सोडला. वाळू ओतायला लागली. त्यांनी एक कळ दाबून धरली, आणि वाळू मंदावली. आणखी मंदावली. धारेचे कण सुटे झाले, कणांचे शब्द झाले, आणि मला एकेक शब्द कळायला लागला, माणूस बोलतो त्याहूनही सावकाश. तो मोठा तक्ता होता. सगळ्यांत खालच्या ओळी होत्या. मुलगी. वजन. कितव्या दिवशी झटके आले. किती औषध दिलं. कितव्या दिवशी गेली. मग थोडं थांबून, मुलगा. वजन.

“माझ्यासाठी हळू केलंत?” मी विचारलं. “काम तर झालं ना?”

“काम झालं,” ताई म्हणाल्या. “दुपारी यांच्यावरून धावत गेले मी. आता काही घाई नाही.” त्यांनी हात मांडीवर ठेवले. आवाज पुढच्या ओळीवर गेला, मुलगी, आणि तिचं वजन त्याने असं सांगितलं, की जणू कोणीतरी ते आत्ताच तळहातावर तोलून बघत होतं.